चतुःसीमा

हर्षला, चार लाख म्हंजे काही थोडे नाहीत.
तिकिटाच्या मशीनवर बोटं घासून जमवले तुनं,
दारव्हा-दिग्रस, दिग्रस-दारव्हा, उभ्यानं.
म्हणून सांगतो. तो लेआउटवाला पोट्टा गाडी पाठवते,
फुकटात जेवू घालते, तर जेवजो.
आलूवांग्याची भाजी चांगली असते त्याची.
सही मात्र उष्ट्या हातानं करू नको.

वैशाखात सगळीच जमीन गुणाची दिसते.
चुन्याच्या रेघा, गेटवर सिमेंटचे दोन हत्ती,
अन् नकाशात बगीचा, जिथं आज बाभूळ आहे.
तू भादव्यात जाजो. चपला हातात घेऊन.
काळी माती पाय कुठवर ओढते ते पाह्यजो.
उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते,
पाया मुरूम लागेपर्यंत न्या लागते,
अन् तो खर्च भाव सांगताना कोणी सांगत नाही.
बगळे कुठं बसतात ते ध्यानात ठेवजो.
बगळ्याले नकाशा समजत नाही, पाणी समजते.

रस्ता कागदावर तीस फुटाचा असते.
गावच्या नकाशात पांदण आहे का,
का कोणाच्या तुरीतून जायची मेहरबानी आहे?
मेहरबानीवर सायकल जाते, विटांचा ट्रक जात नाही.

एनए झालं म्हणंल तर आदेशाचा नंबर माग.
"होऊन जाईल" हा काही नंबर नाही.
नोटरीचा शिक्का गोल असते, सुंदर असते,
पण तो म्हंजे रजिस्ट्री नव्हे.
इसार चेकनं दे. अन् पहिल्या दिवशी हो म्हणू नको.
"उद्या दुसरा गिऱ्हाईक येऊन राह्यला," म्हणंल,
तर येऊ दे. तो दुसरा गिऱ्हाईक
माझी नोकरी लागली तेव्हापासून येऊन राह्यला,
मी रिटायर झालो, अजून पोचला नाही.

सातबारा सगळेच पाहतात.
तू जुने फेरफार काढजो, तीस वर्षं मागं जाजो,
तलाठ्याचं अक्षर बदलते तिथं थांबजो.
वारस किती होते, नावं किती उरली, मोज.
कमी भरली तर विचार, बाकीची कुठं गेली.
बहुतेक नांदायले गेली असते.

आता हे ऐक.
सन ब्याण्णवले आमच्या बोरीच्या वावरावर चार नावं होती.
आज तीन आहेत.
चौथं गोकर्णाचं. तुझ्या मायचं.
दिवाळीले आली होती, तू कडेवर होतीस,
कागद तयारच होता. "राजीखुशीनं" हा शब्द मीच सांगितला,
पेनही माझाच.
तिनं विचारलं, दादा, कुठं करू?
मी बोट ठेवून जागा दाखवली.
मग हिरवं लुगडं दिलं.
हक्कसोड पक्की आहे, कोणत्याही कोर्टात टिकते,
मी कच्चं काम करत नव्हतो.

पस्तीस वर्षं लोकांचे धुरे मोजले मी,
साखळीनं, मग मशीननं.
आमचं वावर आरपर्यंत तोंडपाठ आहे.
तिचा वाटा किती निघाला असता
ते कधी काढून पाह्यलं नाही. गणित सोपं होतं.

तर आइतवारी येतो तुझ्या पलाटावर, टेप घेऊन.
एक टोक तू धरजो.
चारी खुणा दाखवतो, दगड हललेला असंल तर ओळखतो,
फी-बी काही बोलू नको.
मायले सांगू नको मी येणार म्हणून.
नाही. सांग.

खरेदीखतावर तिचंही नाव टाक, असं म्हणायचा हक्क मले नाही.
पण घेणाऱ्याच्या रकान्यात दोन नावं बसतात,
एवढं कामापुरतं सांगून ठेवतो.
अन् टाकलंस, तर सही कुठं करायची
ते तिले कोणी बोटानं दाखवू नका.
चौथी शिकलेली आहे ती. हळू वाचते.
पहिल्या पानापासून वाचू दे.